कोर्टाची दुसरी पायरी



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. आम्ही जन्मभर वकिली केली. तेव्हा ही म्हण लोकांनी पाळली नाही म्हणूनच आमचा चरितार्थ चालला, हे आरंभीच कबूल करून टाकतो. परंतु या म्हणीत पायरी एकच धरली आहे. वस्तुतः कोर्टाला पायऱ्या अनेक असतात. पहिल्या पायरीवर हरलेला माणूस घरी येतो, दोन दिवस कोणाशी धड बोलत नाही, आणि तिसऱ्या दिवशी वकिलाकडे येऊन विचारतो, "आता वर जाता येईल ना?" आजच्या व्याख्यानात आम्हाला या 'वर'विषयी बोलावयाचे आहे. वर कोण बसलेले असते, ते काय करते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काय करीत नाही, हे आपण पाहू.

खालचे कोर्ट सर्वांच्या ओळखीचे असते. तिथे साक्षी होतात, उलटतपासणी होते, माणसे रडतात, भांडतात. अगदी वरचे कोर्ट वर्तमानपत्रांमुळे ओळखीचे झालेले असते. मधले कोर्ट मात्र कोणाच्या डोळ्यांपुढे नसते, आणि तरीही बहुतेक खटल्यांचा खरा शेवट तिथेच होतो. या मधल्या कोर्टाचे उदाहरण म्हणून आम्ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे अपील न्यायालय निवडले आहे. याला दोन कारणे आहेत. एक तर त्या न्यायालयाचे पुष्कळसे नियम राज्याच्या घटनेतच लिहून ठेवलेले आहेत, त्यामुळे बोलायला पाया पक्का मिळतो. दुसरे असे की, आपल्या गावच्या कितीतरी घरांतील मुलेमुली आज त्या राज्यात संसार थाटून आहेत. त्यांचे घर, नोकरी, व्यवहार यांवर ज्यांची सत्ता चालते, त्या न्यायाधीशांची ओळख करून घेणे अस्थानी होणार नाही.

प्रथम नावांचा घोळ सोडवू. कॅलिफोर्नियात अठ्ठावन्न काउंट्या आहेत आणि प्रत्येक काउंटीला एक सुपीरियर कोर्ट आहे. नावाने ते 'वरिष्ठ', पण असते पायथ्याशी. दावे आणि खटले पहिल्यांदा तिथेच चालतात. न्यूयॉर्क राज्यात तर याहून मौज आहे. तिथे खटला चालविणाऱ्या पहिल्या कोर्टालाच सुप्रीम कोर्ट म्हणतात. आपल्याकडचा एखादा अशील तिथे गेला आणि 'सुप्रीम कोर्टात हरलो' असे त्याने घरी कळविले, तर घरची मंडळी हाय खातील. पण त्याला अजून दोन पायऱ्या शिल्लक असतात! कॅलिफोर्नियाची रचना मात्र सरळ आहे. तळाशी सुपीरियर कोर्टे, मध्ये अपील न्यायालय आणि शिरोभागी सात न्यायमूर्तींचे राज्याचे सर्वोच्च न्यायालय.

हे मधले न्यायालय जन्माला आले ते गरजेपोटी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्याची वस्ती वाढली, जमिनींचे, पाण्याचे, खाणींचे तंटे वाढले, आणि सगळी अपिले एकट्या सर्वोच्च न्यायालयावर येऊन पडू लागली. १८८५ पासून त्या न्यायालयाला मदतनीस म्हणून कमिशनर नेमावे लागले, तरी ढीग उपसेना. अखेर १९०४ साली लोकांनी मते देऊन घटना दुरुस्त केली आणि १९०५ मध्ये तीन ठिकाणी, प्रत्येकी तीन न्यायमूर्तींची अपील न्यायालये सुरू झाली: सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि सॅक्रामेंटो. त्या नऊ न्यायमूर्तींचे आज एकशेसहा झाले आहेत. तिनाचे सहा जिल्हे झाले. फ्रेस्नोचे न्यायालय १९६१ साली आले, सॅन होजेचे १९८४ साली. लोकांना दूर जावे लागू नये म्हणून न्यायालयाने लोकांकडे जावे, हे तत्त्व त्यामागे होते. आपल्याकडेही मुंबई उच्च न्यायालयाची पीठे नागपूर, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि गोव्यात पणजी येथे झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला फिरते खंडपीठ सुरू झाले, त्यासाठी दक्षिण महाराष्ट्रातील सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी किती वर्षे झगडा केला, हे आपणांस ठाऊक आहे. मुंबईच्या एका तारखेसाठी रात्रभर एस. टी.त बसलेल्या माणसाला अपील न्यायालयाचे अंतर म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

आता एक उदाहरण मनाशी धरू. ते कल्पित आहे, पण अशक्य नाही. फ्रेस्नोजवळ दोन द्राक्षमळे आहेत. एका मळेवाल्याची गाडी वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या बांधावरून जाते. पुढे दोघांचे बिनसते. दुसरा फाटक घालतो. पहिला वहिवाटीचा दावा लावतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून, उघडपणे आणि सतत पाच वर्षे वापर झाला असेल, तर वाटेचा हक्क मिळतो. वादी म्हणतो, मी कोणाला विचारले नव्हते. प्रतिवादी म्हणतो, मीच त्याला शेजारधर्माने परवानगी दिली होती. दोन्हीकडून साक्षीदार येतात. न्यायाधीश प्रतिवादीवर विश्वास ठेवतात आणि दावा फेटाळतात. आमचा मळेवाला घरी येतो, दोन दिवस बोलत नाही, आणि तिसऱ्या दिवशी वकिलाला म्हणतो, "वर जाऊ."

वर जाण्याची मुदत ठरलेली आहे. निकालाची नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांच्या आत अपिलाची सूचना दाखल झाली पाहिजे. ही मुदत चुकली तर न्यायालयाला दयामाया दाखविण्याचाही अधिकार उरत नाही. मुदत पाळली, तर पुढे दप्तर तयार होते. खालच्या कोर्टातील कागदपत्रे एका भागात, आणि साक्षीदार, वकील व न्यायाधीश यांचे शब्दन्‌शब्द लिहून घेणाऱ्या लघुलेखकाचे टिपण दुसऱ्या भागात. मग अपीलकर्त्याचे पहिले लेखी निवेदन, त्याला प्रतिपक्षाचे उत्तर, आणि शेवटी अपीलकर्त्याचे प्रत्युत्तर. कागदी प्रत असेल तर पहिल्याचे वेष्टन हिरवे, दुसऱ्याचे पिवळे आणि तिसऱ्याचे मातकट, असा नियमच आहे. न्यायमूर्तींच्या मेजावर रंग पाहून कळावे की कोण बोलत आहे!

आणि इथेच आमच्या मळेवाल्याचा पहिला अपेक्षाभंग होतो. त्याला वाटत असते की, वरच्या कोर्टात आपल्याला पुन्हा उभे राहता येईल, शेजारी कसा खोटे बोलला ते न्यायमूर्तींच्या डोळ्यांत पाहून सांगता येईल. पण तिथे साक्षीदाराचा पिंजरा नसतो. ज्यूरी नसते. नवा पुरावा सहसा घेतला जात नाही. जे दप्तरात आहे तेच जगात आहे, आणि जे दप्तरात नाही ते घडलेच नाही, असे तिथे धरले जाते.

असे का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, साक्षीदार बोलताना खालच्या न्यायाधीशाने त्याला पाहिलेले असते. तो कुठे अडखळला, कुठे त्याने वकिलाकडे चोरून पाहिले, कुठे त्याचा आवाज चढला, हे कागदावर उतरत नाही. म्हणून वस्तुस्थितीच्या प्रश्नांत अपील न्यायालय एवढेच पाहते की, खालच्या निर्णयाला आधार म्हणण्याजोगा भक्कम पुरावा दप्तरात आहे की नाही. तो असला, मग विरुद्ध बाजूला कितीही पुरावा असो, न्यायमूर्ती हात लावीत नाहीत. स्वतःला दुसरा पक्ष खरा वाटत असला तरीही लावीत नाहीत. परवानगी दिली होती की नव्हती, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. तिथे मळेवाला हरला तो हरला.

परंतु सगळेच प्रश्न या जातीचे नसतात. काही गोष्टी कायद्याने खालच्या न्यायाधीशाच्या तारतम्यावर सोपविलेल्या असतात: तारीख वाढवून द्यावी की नाही, एखादा साक्षीदार ऐकावा की नाही. तिथे वरचे न्यायालय तारतम्याचा दुरुपयोग झाला का, एवढेच बघते. आणि तिसरी जात निव्वळ कायद्याच्या प्रश्नाची. समजा, खालच्या न्यायाधीशांनी निकालात लिहिले की, वहिवाट दहा वर्षांची हवी, आणि वादीची सातच वर्षे होती. आता मात्र अपील न्यायालय कोणाची भीड धरीत नाही. कायदा काय म्हणतो हे ते स्वतः नव्याने ठरवते, कारण कायदा वाचायला साक्षीदाराचा चेहरा पाहावा लागत नाही. याचा अर्थ असा की, अपिलाचा अर्धा निकाल प्रश्न कोणत्या खणात पडतो यावरच लागतो. म्हणून तिथले कसबी वकील आपला प्रश्न वस्तुस्थितीच्या खणातून उचलून कायद्याच्या खणात ठेवता येतो का, याची खटपट करतात, आणि प्रतिपक्षाचा वकील तो पुन्हा पहिल्या खणात ढकलतो.

आपल्याकडची रीत याहून वेगळी आहे, हे इथे सांगितले पाहिजे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे पहिल्या अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा ही दोन्ही पुन्हा तपासता येतात. जिल्हा न्यायाधीश साक्षीपुरावा नव्याने तोलू शकतात. दुसरे अपील उच्च न्यायालयात जाते तेव्हा मात्र दार अरुंद होते. १९७६ च्या दुरुस्तीपासून कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय ते अपील चालत नाही. म्हणजे आपण जी कात्री दुसऱ्या अपिलाला लावतो, ती कॅलिफोर्नियाने पहिल्याच अपिलाला लावली आहे. त्यात वेळ वाचतो, आणि खालच्या न्यायाधीशाची जबाबदारी वाढते. त्याने माणूस ओळखण्यात चूक केली, तर ती बहुधा कायमची.

याच्या जोडीला आणखी एक नियम आहे. तो ऐकला की अशील सर्वांत अधिक चिडतो. खालच्या कोर्टात चूक झाली, हे सिद्ध झाले म्हणजे अपील जिंकले असे नाही. कॅलिफोर्नियाच्या घटनेत असे कलमच आहे की, सगळे दप्तर तपासून न्यायाची हानी झाली असे दिसल्याशिवाय निकाल फिरवू नये. १९५६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची कसोटी घालून दिली. ती चूक झाली नसती तर अपीलकर्त्याला अधिक अनुकूल निकाल मिळण्याचा वाजवी संभव होता काय? नसेल, तर ती चूक निरुपद्रवी. समजा, मळेवाल्याचे एक जुने पत्र न्यायाधीशांनी चुकीने पुराव्यात घेतले नाही. पण त्यात जे लिहिले होते ते दोन साक्षीदारांनी सांगितलेच होते. मग वरचे न्यायालय म्हणेल, होय, चूक झाली. परंतु निकाल कायम.

हे ऐकून कोणाला वाटेल की, हा न्याय नव्हे, ही सारवासारव आहे. आम्हालाही तरुणपणी तसेच वाटे. पण विचार करता असे दिसते की, जिथे मुळीच चूक झाली नाही असा खटला जगात सापडणे कठीण. प्रत्येक चुकीसाठी खटला पुन्हा चालवायचे ठरविले, तर कोणताही तंटा कधीच संपणार नाही, आणि श्रीमंत माणूस चुका मोजीत गरिबाला थकवून टाकील. तथापि या नियमाला धार दोन्हीकडून आहे. 'निरुपद्रवी' हा शब्द न्यायमूर्तींच्या लेखणीला सवयीने येऊ लागला, की खरा उपद्रवही त्याच्याखाली झाकला जातो. तो शब्द लिहिण्यापूर्वी दप्तराचे शेवटचे पान वाचले गेले होते काय, यावर सगळे अवलंबून आहे.

तेव्हा दप्तर वाचतो कोण, हे पाहू. अपील तीन न्यायमूर्तींपुढे जाते. तिघांपैकी एकाकडे ते मुख्यत्वे सोपविलेले असते. त्याच्या हाताखाली कायदा शिकलेले, पगारी, पुष्कळदा वर्षानुवर्षे तिथेच काम करणारे संशोधक वकील असतात. ते दप्तर वाचून टिपण तयार करतात. कित्येक शाखांत निकालाचा कच्चा मसुदाच तयार होतो. न्यायमूर्ती तो तपासतात, बदलतात, कधी फाडून पुन्हा लिहवितात, आणि मग तो उरलेल्या दोघांकडे जातो. तोंडी युक्तिवाद त्यानंतर होतो. म्हणजे वकील उभा राहून बोलू लागतो तेव्हा न्यायमूर्तींचे मत पुष्कळसे बनलेले असते. रिव्हरसाइड येथील शाखेने तर हा आडपडदाच काढून टाकला. तिथे युक्तिवादापूर्वी कच्चा निकाल दोन्ही वकिलांच्या हाती देण्याची चाल आहे. आमचे चुकते कुठे ते सांगा, असा त्याचा अर्थ. काही वकिलांना हे आवडत नाही. लग्न ठरवून मग मुलगी दाखविल्यासारखे त्यांना वाटते. आम्हाला विचाराल तर मनात एक ठरवून चेहऱ्यावर कोरेपणा आणण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक आहे.

निकालाला तिघांपैकी दोघांची संमती लागते. न पटलेला न्यायमूर्ती आपले भिन्न मत लिहितो. आणि घटनेची आज्ञा अशी की, खटल्याचा निर्णय लेखी असला पाहिजे आणि त्यात कारणे दिली पाहिजेत. 'अपील फेटाळले' एवढे दोन शब्द लिहून न्यायमूर्तींना मोकळे होता येत नाही. या एका वाक्याचे मोल आम्हाला फार वाटते. हरलेल्या माणसाला पैसा परत मिळत नाही, वाट मिळत नाही. पण का हरलो हे तरी मिळते. ज्याला कारण लिहावे लागते त्याला विचार करावा लागतो. कित्येकदा असे होते की, मनात पक्के वाटलेले मत कागदावर उतरेनासे होते, आणि तेव्हा न्यायाधीशाला कळते की ते मत चुकीचे होते.

परंतु लिहिलेले सगळेच निकाल छापले जात नाहीत. नवा नियम सांगणारे, जुन्याचा अर्थ उलगडणारे किंवा सार्वजनिक महत्त्वाचे असतील तेवढेच निकाल अधिकृत संग्रहात जातात. बाकीचे, आणि त्यांचीच संख्या फार मोठी आहे, पक्षकारांपुरते राहतात. ते कोणालाही वाचता येतात, पण दुसऱ्या खटल्यात आधार म्हणून दाखविता येत नाहीत. छापलेला निकाल मात्र राज्यातील सर्व सुपीरियर कोर्टांवर बंधनकारक असतो, हे १९६२ पासून स्पष्ट आहे. गंमत अशी की, तो दुसऱ्या अपील जिल्ह्यावर बंधनकारक नसतो. लॉस एंजेलिसने एक म्हटले आणि सॅन होजेने त्याच्या उलट म्हटले, तर त्या दोहोंत सर्वोच्च न्यायालय निवाडा करीपर्यंत खालच्या न्यायाधीशाने अधिक पटेल ते मत घ्यावे, अशी रीत आहे. सर्वोच्च न्यायालय तर आपल्याकडे येणाऱ्या विनंत्यांपैकी अगदी थोड्याच ऐकते. म्हणूनच आरंभी म्हटले की, बहुतेकांच्या दृष्टीने ही दुसरी पायरी हीच शेवटची पायरी होय.

मग या पायरीवर बसणारे न्यायमूर्ती कोण नेमतो? गव्हर्नर नाव सुचवितो. निदान दहा वर्षे वकिली किंवा न्यायाधीशी झालेली असली पाहिजे. वकीलवर्गाची एक समिती त्या व्यक्तीची कसून चौकशी करते. मग राज्याचे सरन्यायाधीश, ॲटर्नी जनरल आणि अपील न्यायालयातील एक ज्येष्ठ प्रमुख न्यायमूर्ती अशा तिघांचे मंडळ उघड सुनावणी घेऊन नेमणूक कायम करते. इथवर आपल्याला ओळखीचे वाटेल. पुढचे मात्र नवल आहे. १९३४ सालच्या दुरुस्तीपासून या न्यायमूर्तींना लोकांपुढे जावे लागते. समोर प्रतिस्पर्धी उमेदवार नसतो. मतपत्रिकेवर एवढाच प्रश्न असतो की, अमुक यांना पदावर ठेवावे काय, होय की नाही? पूर्ण मुदत बारा वर्षांची. बहुतेक मतदारांना ती नावे ठाऊक नसतात आणि बहुतेक न्यायमूर्ती राहतात. पण १९८६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी जोसेफ ग्रोडिन व क्रूझ रेनोसो या तिघांना लोकांनी 'नाही' म्हणून घरी पाठविले. फाशीच्या शिक्षा रद्द केल्याचा राग त्यात मुख्य होता. त्या दिवसापासून प्रत्येक न्यायमूर्तीच्या मनाच्या कोपऱ्यात ते साल बसले असेल, यात नवल नाही.

रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. राघोबादादांना त्यांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश हा आपला आदर्श आहे, आणि तो योग्यच आहे. पण अपील न्यायाधीशाला निर्भयतेइतकाच दुसरा एक गुण लागतो, त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. तो गुण म्हणजे चिकाटीने वाचण्याचा आणि वेळेवर उठण्याचा. तिथे बाणा दाखविण्याचा प्रसंग क्वचित येतो. कागदांचा ढीग मात्र रोज येतो.

या ढिगाविषयीच एक हकीकत सांगावयाची आहे. तिच्यासाठीच आम्ही हा विषय घेतला. कॅलिफोर्नियाच्या घटनेत एक मोठे गमतीचे आणि कडक कलम आहे. निर्णयासाठी दाखल झालेला कोणताही खटला नव्वद दिवसांत निकालात निघाला नाही, तर त्या न्यायाधीशाला तोवर पगार घेता येत नाही. न्यायाधीशाने प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यावे लागते की, माझ्याकडे असा खटला शिल्लक नाही, मग पगार. हे ऐकून आपल्यापैकी कित्येकांना वाटेल की, असे कलम आपल्याकडे का नाही! आम्हालाही वाटले. पण पुढे वाचले तेव्हा डोळे उघडले. नव्वद दिवस मोजायचे कधीपासून? खटला 'निर्णयासाठी दाखल' झाल्यापासून. आणि अपिलात तो दाखल होतो बहुधा तोंडी युक्तिवाद संपल्यावर. युक्तिवादाची तारीख कोण नेमणार? न्यायालयच. म्हणजे लेखी निवेदने येऊन पडल्यावर प्रकरण महिनेच्या महिने, वर्षानुवर्षे कपाटात पडले, तरी घड्याळाला किल्लीच दिलेली नसते. मसुदा तयार झाला की तारीख नेमायची, आणि मग नव्वद दिवसांच्या आत निकाल. कलमही पाळले गेले, पगारही मिळाला.

सॅक्रामेंटो येथील तिसऱ्या जिल्ह्यात हे इतके वाढले की, २०२२ साली न्यायाधीशांच्या वर्तनावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने तिथल्या प्रमुख न्यायमूर्तींना, दहा वर्षांच्या काळातील सुमारे दोनशे प्रकरणांतल्या दिरंगाईबद्दल, जाहीर ताकीद दिली आणि ते पदावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी राज्याच्या सरन्यायाधीशांनी सर्व अपील जिल्ह्यांतील कामाची गती तपासण्यासाठी एक समितीही नेमली. लक्षात घ्या, लाच नव्हती, पक्षपात नव्हता. होती ती फक्त न वाचलेली दप्तरे. पण फौजदारी अपिलातला माणूस कित्येकदा तुरुंगात असतो. त्याची शिक्षा दोन वर्षांनी कमी व्हायला हवी, असा निकाल शिक्षा भोगून झाल्यावर आला, तर तो निकाल त्याने कुठे ठेवावा? आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००१ साली सांगितले आहे की, युक्तिवाद संपून तीन महिन्यांत निकाल न आल्यास पक्षकाराला अर्ज करता येईल, आणि सहा महिने झाले तर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे देण्याची मागणी करता येईल. पण तिथेही मोजणी युक्तिवादानंतरचीच. त्याआधीची वर्षे कोणी मोजायची, हा प्रश्न सॅक्रामेंटोचा आहे तसाच आपलाही आहे.

एक दुसरीही हकीकत आहे, आणि ती ऐकून मन थोडे हलके होईल. जे दप्तरात नाही ते घडलेच नाही, असे आम्ही म्हणालो. मग ज्याच्याकडे लघुलेखकाला द्यायला पैसे नाहीत त्याने काय करावे? काही काउंट्यांनी काटकसरीसाठी दिवाणी खटल्यांत सरकारी लघुलेखक देणे बंद केले आणि ज्याला हवा त्याने स्वतःच्या खर्चाने आणावा, असे ठरविले. एका कैद्याने आपल्या उपचारांबद्दल डॉक्टरांवर दावा लावला होता. फी माफ होती, पण लघुलेखक नव्हता. तो हरला, अपील न्यायालयाने सांगितले, काय घडले त्याची नोंदच नाही, निकाल कायम. २०१८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. ज्याची गरिबीमुळे फी माफ झाली आहे त्याने मागितल्यास नोंद ठेवण्याची सोय कोर्टाने केलीच पाहिजे. नाहीतर अपिलाचा हक्क कागदावरच राहील. तसेच १९७९ पासून फौजदारी अपिलात अशी रीत आहे की, गरीब आरोपीला नेमून दिलेला वकील जरी म्हणाला की, मला मांडण्याजोगा मुद्दा सापडत नाही, तरी पहिल्या अपिलात न्यायमूर्तींनी सगळे दप्तर स्वतः तपासून पाहावे. ज्याच्या बाजूने बोलायला कोणी उरला नाही, त्याच्यासाठी न्यायालयाने वाचावे. अपील म्हणजे काय, हे याहून थोडक्यात सांगता येईल असे आम्हाला वाटत नाही.

आमच्या मळेवाल्याचे काय झाले, असे कोणी विचारील. परवानगीच्या मुद्द्यावर तो हरला असता, मुदतीच्या मुद्द्यावर जिंकला असता. पण आम्ही त्याला विचारू की, काय झाले तर तुझे समाधान होईल? आमच्या अनुभवाने सांगतो, वकिलीत आम्हाला असे अशील भेटले की, जे हरूनही शांत झाले, कारण आपले म्हणणे कोणी तरी पुरतेपणी वाचले हे निकालपत्रावरून त्यांना दिसले. आणि असेही भेटले की, जे जिंकूनही कडवट राहिले, कारण जिंकेपर्यंत बाप वारला होता आणि ज्या वाटेसाठी भांडण होते त्या वाटेवर गवत वाढले होते.

व्याख्यानमालेची ही रीत पुण्यात १८७५ साली सुरू करणारे महादेव गोविंद रानडे हे स्वतः न्यायाधीश होते, आणि पुढे १८९३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. दिवसभर लोकांचे तंटे ऐकणाऱ्या माणसाला संध्याकाळी लोकांनी एकत्र बसून विचार ऐकावेत असे वाटले, यात आम्हाला एक संगती दिसते. न्यायालय असो की व्यासपीठ, दोन्हींचा आधार एकच: ज्याला निर्णय द्यावयाचा त्याने आधी नीट ऐकले पाहिजे, आणि ऐकून घेतल्यावर कारणासहित, वेळेवर बोलले पाहिजे. आपण आम्हाला नीट ऐकून घेतलेत. वेळेवर थांबणे हे आता आमचे कर्तव्य आहे.